वेदिसगिरी ते मिस्सकपर्वत : एका आकाशमार्गाचे अंतर

काही वर्षांपूर्वी ज्येष्ठ पौर्णिमेला वरोरा येथील एका विहारात महिंद थेरांच्या लंकागमनावर बोलण्याचा प्रसंग आला. महावंसातील कथा सांगून झाली. विदिशेजवळच्या वेदिसगिरीवरून महिंद थेर आपल्या सहकाऱ्यांसह आकाशात उठले आणि लंकेतील मिस्सकपर्वतावर उतरले, असे मी ग्रंथानुसार सांगितले. प्रवचनानंतर महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, "सर, आज तेच अंतर विमानाने जायचे तर किती तास लागतील?" काही श्रोते हसले. तेवढ्यात मागे बसलेल्या एका वृद्ध उपासिकेने दुसरा प्रश्न केला, "उडूनच गेले म्हणता, तर मग वाटेत त्यांना भाकर कोणी वाढली?"

त्या दिवशी दोन्ही प्रश्नांना मी जुजबी उत्तरे दिली. पहिला प्रश्न भूगोलाचा आणि दुसरा भाबडेपणाचा, असे मला तेव्हा वाटले होते. पुढे पाली ग्रंथ, चिनी यात्रिकांचे वृत्तांत आणि नकाशा एकत्र ठेवून पाहिल्यावर लक्षात आले की, हे दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत आणि दुसरा अधिक मूलगामी आहे. प्रस्तुत लेखात त्यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

अंतर किती?

वेदिसगिरी म्हणजे आजची सांची, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सांची आणि विदिशा ही दोन्ही ठिकाणे एकमेकांस लागूनच आहेत. मिस्सकपर्वत म्हणजे अनुराधपुराजवळील मिहिंतले. विदिशा सुमारे साडेतेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर मिहिंतले आठ अंशांहून थोडे वर आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशातील फरक जेमतेम पावणेतीन अंशांचा. या हिशेबाने दोन्ही स्थळांमधील सरळ अंतर सुमारे १,७०० किलोमीटर भरते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या आजच्या जेट विमानाला हे अंतर कापण्यास सव्वादोन तास पुरतील. चढण्या-उतरण्याचा वेळ धरला तरी तीन तासांच्या आत प्रवास संपेल.

प्रवास जवळजवळ सरळ दक्षिणेकडे असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. विदिशेच्या आणि मिहिंतलेच्या मध्यान्हात अवघा अकरा मिनिटांचा फरक पडतो. मध्यान्हानंतर भोजन न करण्याचा नियम पाळणाऱ्या भिक्षूला या प्रवासात आपले घड्याळ बदलावे लागत नाही. श्रीलंकेने १९९६ साली आपली प्रमाणवेळ बदलली होती. २००६ साली ती पुन्हा भारतीय प्रमाणवेळेशी जुळली. पूर्वेला बँकॉकला जाणाऱ्याला मात्र दीड तास गमवावा लागतो.

प्रत्यक्षात आजचा प्रवासी सरळ रेषेत जात नाही. भोपाळहून किंवा नागपूरहून निघणाऱ्याला मुंबई वा चेन्नई गाठून तेथून कोलंबोचे विमान घ्यावे लागते. मुंबई ते कोलंबो सरळ अंतर सुमारे १,५०० किलोमीटर आहे आणि चेन्नई ते कोलंबो साडेसहाशेच्या आसपास. वरोऱ्याच्या माणसाला त्याआधी शंभरेक किलोमीटरचा रस्ता तुडवून नागपूरचे विमानतळ गाठावे लागते. आकाशमार्गाचा हिशेबदेखील अखेर जमिनीवरच सुरू होतो, हे ध्यानात ठेवावे.

योजने आणि दिवस

प्राचीन ग्रंथांतील अंतरे योजनांत दिलेली असतात. योजनाचे नेमके माप किती, यावर विद्वानांत एकमत नाही. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी ते सात-आठ मैलांचे धरले होते, इतरांनी कमी-अधिक धरले. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भिक्षू फाहियान ताम्रलिप्तीच्या बंदरातून सिंहलास गेले. हिवाळ्याच्या आरंभीचा अनुकूल वारा होता आणि व्यापाऱ्यांच्या मोठ्या गलबताने अहोरात्र प्रवास करून चौदा दिवसांत ते पोहोचले. या दोन भूमींमधील अंतर सातशे योजने असल्याचे लोक सांगतात, अशी नोंदही त्यांनी केली आहे.

सात मैलांचे योजन धरले, तर सातशे योजनांचे जवळजवळ आठ हजार किलोमीटर होतात. वास्तविक ताम्रलिप्ती, म्हणजे बंगालमधील तामलूक, आणि लंकेचे उत्तर टोक यांतील सरळ अंतर साडेसोळाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे लोकांनी सांगितलेला आकडा जवळजवळ पाचपट फुगलेला होता. परंतु चौदा दिवस ही फाहियान यांची स्वतःची मोजणी आहे आणि ती तंतोतंत पटते. चौदा अहोरात्रांचे ३३६ तास होतात. त्या हिशेबाने गलबताचा वेग ताशी पाच किलोमीटरांच्या आतबाहेर येतो. पायी चालणाऱ्या धडधाकट माणसाचा वेगही जवळपास तेवढाच असतो.

यातून इतिहासाच्या अभ्यासकाने एक साधा नियम शिकावा. ऐकीव योजनांपेक्षा अनुभवलेल्या दिवसांवर अधिक विश्वास ठेवावा.

महावंसातही असे दिवस मोजलेले आहेत. राजा देवानंपिय तिस्साने अशोकाकडे पाठविलेले दूत जंबुकोल बंदरातून निघाले. सात दिवसांत त्यांनी भारताचे बंदर गाठले आणि आणखी सात दिवसांनी ते पाटलिपुत्रास पोहोचले. तेथे पाच महिने राहून ते ताम्रलिप्तीमार्गे परतले आणि बाराव्या दिवशी राजाला भेटले. पुढे संघमित्ता थेरी बोधिवृक्षाची शाखा घेऊन गेल्या, त्याही ताम्रलिप्तीहून जहाजानेच. दूत जहाजाने जातात, थेरी जहाजाने जातात, बोधिवृक्ष जहाजाने जातो. केवळ महिंद आणि त्यांचे सोबती आकाशाने जातात. एकाच ग्रंथात, एकाच मार्गासंबंधी हा भेद का असावा?

इद्धीचा प्रश्न

परंपरागत उत्तर असे की, महिंद अर्हत होते आणि त्यांना इद्धी प्राप्त होती. परंतु ग्रंथच सांगतो की, त्यांच्यासोबत इट्ठिय, उत्तिय, संबल आणि भद्दसाल हे चार थेर, सुमन सामणेर आणि भंडुक नावाचा एक उपासक होता. थेरांच्या बाबतीत इद्धीचे स्पष्टीकरण मान्य केले, तरी गृहस्थ भंडुक आकाशातून कसा गेला, हा प्रश्न उरतोच.

शिवाय इद्धीविषयी तिपिटकाची भूमिका सर्वपरिचित आहे. चुल्लवग्गात पिंडोल भारद्वाजाची कथा येते. चंदनाच्या पात्रासाठी त्याने आकाशात उठून लोकांना चमत्कार दाखविला, तेव्हा भगवंतांनी त्याची निर्भर्त्सना केली आणि गृहस्थांसमोर इद्धीचे प्रदर्शन करणे हा दुक्कट अपराध ठरविला. दीघनिकायातील केवट्टसुत्तात इद्धी, परचित्तज्ञान आणि अनुशासन अशी तीन प्रकारची प्रातिहार्ये सांगितली आहेत. त्यांपैकी धम्माचे अनुशासन तेवढे भगवंतांनी श्रेष्ठ मानले. परमपूज्य बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याची जी कसोटी सांगितली, तीत बुद्धिसंगतता आणि तर्कसंगतता यांना अग्रस्थान आहे. ती कसोटी तिपिटकाबाहेरून आणलेली नाही.

म्हणून महावंस टाकाऊ ठरतो काय? मुळीच नाही. महिंदांनंतर सुमारे सातशे-आठशे वर्षांनी महानाम थेरांनी हा ग्रंथ रचला. त्यात काव्य आहे, अलंकार आहेत, तसाच इतिहासही आहे. तिसऱ्या संगीतीनंतर निरनिराळ्या प्रदेशांत पाठविलेल्या धम्मदूतांची जी यादी तो देतो, तीत हिमवंत प्रदेशाकडे गेलेल्या मज्झिम थेरांचे नाव आहे. एकोणिसाव्या शतकात सांचीचा दुसरा स्तूप आणि जवळचा सोनारी येथील स्तूप उघडण्यात आले, तेव्हा अस्थिकरंडकांवर याच थेरांचे नाव कोरलेले आढळले. ग्रंथ लंकेत लिहिला गेला आणि त्याची साक्ष विदिशेच्या मातीतून निघाली. ज्या ग्रंथाची नावे अशी खरी ठरतात, त्यातील प्रवासालाही काही वास्तव आधार असला पाहिजे.

तो आधार ग्रंथाच्या शब्दांतच सापडतो. महिंद पाटलिपुत्रातून निघाल्यावर सहा महिने दक्खिणागिरी प्रदेशात चारिका करीत होते. नंतर मातेच्या नगरीत आले आणि वेदिसगिरीवर महिनाभर राहिले. हे सात महिने ग्रंथकाराने मोजून दिले आहेत. ज्याला आकाशमार्ग खुला आहे, त्याला सहा महिने चारिका करण्याचे कारण नव्हते. ज्ञात असलेल्या उत्तरेकडील मजलांचा हिशेब ग्रंथकाराजवळ होता. विंध्यापासून समुद्रापर्यंतच्या मार्गाची स्मृती मात्र लंकेच्या परंपरेत पुसट झालेली असावी. जेथे मार्ग आठवेनासा झाला, तेथे कवीने आकाश घातले, असे अनुमान मला अधिक सयुक्तिक वाटते.

भाकर कोणी वाढली?

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे वळू. विनयाची ज्यांना माहिती आहे, त्यांना या प्रश्नाचे वजन तत्काळ कळेल. भिक्षूला आज मिळालेले अन्न उद्यासाठी साठवून ठेवता येत नाही. मध्यान्हानंतर भोजन करता येत नाही. स्वतः रांधून खाता येत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की, प्रवासी भिक्षूला दररोज मध्यान्हापूर्वी, जेथे कोणी भिक्षा देईल अशा वस्तीत पोहोचणे भाग असते. विनयाने दूरच्या प्रवासाची व्याख्याही अत्यंत माफक केली आहे. अर्धे योजन जावयाचे असले तरी तो प्रवास मानून स्नान आणि भोजन यांविषयीच्या काही नियमांत सवलत दिलेली आहे.

विदिशेपासून लंकेपर्यंत सरळ रेषेत १,७०० किलोमीटर असले, तरी नद्यांचे उतार आणि घाट धरून प्रत्यक्ष वाट २,००० किलोमीटरांहून अधिक होणार. दररोज पंधरा किलोमीटर चालले, तर साडेचार ते पाच महिने लागतील. वर्षावास संपवून कार्तिक पौर्णिमेनंतर निघालेला भिक्षू ज्येष्ठ पौर्णिमेपर्यंत, म्हणजे सात महिन्यांत, हा प्रवास विश्रांतीसह सहज पूर्ण करू शकतो. महिंद लंकेत ज्येष्ठ पौर्णिमेलाच पोहोचले, असे परंपरा सांगते. त्यांनी याच क्रमाने प्रवास केला असे मी म्हणत नाही. पायी जाणाऱ्यालाही ते शक्य होते, एवढेच मला दाखवायचे आहे.

या पाच महिन्यांत सात जणांना दररोज कोणीतरी भाकर, भात वा पेज वाढली असणार. दीडशे दिवस म्हणजे दीडशे गावे. संघाचा रस्ता हा असा अन्न देणाऱ्या गावांच्या साखळीने बनतो. जहाजाला वारा लागतो, विमानाला इंधन लागते, भिक्षूला उपासक लागतात. आकाशगमनाच्या कथेत नेमकी हीच गावे नाहीशी होतात.

विदर्भावरून जाणारी रेषा

नकाशावर विदिशा आणि मिहिंतले यांना जोडणारी सरळ रेषा आखली, तर ती विदर्भात शिरून आर्वी, पुलगाव आणि कळंब यांच्या परिसरावरून जाते. तेथून आदिलाबादजवळून तेलंगणात उतरते, नागार्जुनकोंड्याच्या जवळून पुढे जाते आणि कांचीपुरम गाठते. वरोरा या रेषेच्या पूर्वेस साठेक किलोमीटरवर राहते. पक्षी जसा उडेल तशी ही रेषा आहे. तिच्यावरून रस्ता सिद्ध होत नाही. तथापि रस्त्याची खरी साक्ष या रेषेच्या दोन्ही बाजूंना जमिनीत पडलेली आहे.

वैनगंगेच्या काठी पवनी येथे १९६९-७० साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी उत्खनन केले. तेथे जगन्नाथ टेकडीवर मौर्यकाळापासूनच्या मोठ्या स्तूपाचे अवशेष मिळाले. नागपूर जिल्ह्यातील अडम येथेही स्तूप उजेडात आला. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील देवटेक येथे एका शिलेवर ब्राह्मी लेख सापडला. महामहोपाध्याय मिराशी यांनी त्यातील जुना लेख अशोककालीन मानला असून त्यात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई आहे. त्याच शिलेवर पुढे वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा लेख कोरला गेला. वरोऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर भद्रावतीला विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या दौऱ्यात भांदकच्या अवशेषांची नोंद केली होती.

विदर्भाचा उत्तरेशी असलेला संबंध भारहूतच्या कठड्यावरही कोरलेला आहे. तेथे भोजकट येथील दिगनागा नावाच्या भिक्षुणीच्या दानाचा लेख आहे. भोजकट म्हणजे अमरावतीजवळील भातकुली, असे मानले जाते. तेथून भारहूत सरळ रेषेत पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तिला आकाशमार्गाने नेणारा कोणी कवी भेटला नाही. तिचे नाव मात्र दगडावर टिकले.

दक्षिणेकडची साक्ष ह्यूएनत्संग देतात. सातव्या शतकात त्यांनी कांचीत अनेक विहार पाहिले. सिंहलास जाण्याचे बंदर म्हणून कांचीची ख्याती होती आणि तेथून जलमार्गाने तीन दिवस लागत, असे त्यांना कळले. त्याही पलीकडे मलकूट देशात एका मोडकळीस आलेल्या विहाराची नोंद त्यांच्या वृत्तांतात आहे. तो अशोकाचा धाकटा भाऊ महेंद्र याने बांधला, असे तेथील लोक सांगत. महेंद्र पुत्र की बंधू, हा वाद येथे बाजूला ठेवू. भारताच्या दक्षिण टोकाशी लोकांना महेंद्राचा विहार आठवत होता, हे महत्त्वाचे. आकाशातून गेलेल्याने वाटेत विहार बांधला नसता.

एक मोह

येथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. महिंद थेर आमच्याच गावावरून गेले, अशा आशयाचे फलक लावण्याचा मोह अशा लेखांतून निर्माण होतो. तो आवरला पाहिजे. महिंद विदर्भातून गेल्याचा एकही लेख वा ग्रंथातील उल्लेख आजवर उपलब्ध नाही. ते ताम्रलिप्तीहून जहाजाने किंवा पश्चिम किनाऱ्यानेही गेले असू शकतील. पवनी, देवटेक आणि भद्रावती यांच्यावरून एवढेच सिद्ध होते की, विदिशेच्या दक्षिणेला भिक्षूंना भिक्षा देणारा, स्तूप उभारणारा समाज या वनप्रदेशात मौर्यकाळापासून नांदत होता. महावंसही महारट्ठाकडे महाधम्मरक्खित थेर गेल्याचे सांगतो. आपल्यासाठी एवढे पुरेसे आहे. चमत्कार नाकारून त्याच्या जागी आपण आपल्या सोयीची दंतकथा बसविली, तर बाबासाहेबांची कसोटी आपल्यालाच लागू पडेल.

विमान आणि पाऊलवाट

बाबासाहेब मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी कोलंबोस गेले. त्या परिषदेचे प्रवर्तक डॉ. मलालसेकर हे पालीचे थोर पंडित होते. पुढे १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब रंगूनच्या परिषदेस आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या परिषदेस उपस्थित राहिले. ढासळत्या प्रकृतीच्या अखेरच्या सहा वर्षांत त्यांनी तीन देशांतील बौद्धांशी जो संबंध जोडला, तो विमानाच्या सोयीवाचून कठीण होता. अंतर तेच होते, पण दिवसांचे तास झाले होते.

११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब दिल्लीहून नागपूरला आले, तेही विमानाने. धम्मदीक्षेसाठी जमलेले लाखो लोक मात्र रेल्वेने, बैलगाड्यांनी आणि पायी आले होते. १६ ऑक्टोबरला चांदा येथे दीक्षा झाली, तेव्हाही खेड्यापाड्यांतून माणसे शिदोऱ्या बांधून चालत आली. वाटेतल्या वस्त्यांनी त्यांना पाणी दिले, भाकर दिली, रात्रीचा निवारा दिला. विमानाची तारीख चरित्रग्रंथांत नोंदलेली आहे. त्या वस्त्यांची नावे बहुतेक ठिकाणी नोंदलेली नाहीत. हीच गोष्ट बावीसशे वर्षांपूर्वी घडली होती. थेरांची नावे राहिली आणि त्यांना जेवू घालणारी गावे आकाशात विरून गेली.

आज नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे. २० ऑक्टोबर २०२१ रोजी कुशीनगरच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले, त्या दिवशी तेथे उतरलेले पहिले विमान कोलंबोहून भिक्षुसंघाला घेऊन आले होते. महिंदांच्या मार्गाची ही उलट दिशा सर्वांना आनंद देणारी होती. विमानाने धम्माच्या भूमी एकमेकींच्या जवळ आल्या, यात शंका नाही.

त्या विद्यार्थिनीला मी आता सांगू शकतो की, सांची ते मिहिंतले हे अंतर सव्वादोन तासांचे आहे. त्या उपासिकेचे ऋण फेडणे अधिक कठीण आहे. १९५६ साली नागपूरला आणि चांद्याला चालत गेलेल्या पिढीतील काही वृद्ध माणसे अजूनही आपल्या गावागावांत आहेत. कोणत्या वाटेने गेलो, किती मुक्काम झाले, कोणत्या वस्तीने भाकर वाढली, हे त्यांना विचारून गावाच्या नावासह लिहून ठेवणे प्रत्येक विहाराला शक्य आहे. हे काम आता वर्षानुवर्षे लांबणीवर टाकता येणार नाही. ते झाले नाही, तर पुढच्या काळातील एखादा महावंसकार तेही सारे लोक आकाशातूनच आले, असे लिहील आणि त्याला खोडून काढण्यास आपल्याजवळ काहीही नसेल.